एकोणीसची वाटी

१

"कुठं लिहू नको, योगेश्वरी. कुणाला सांगू नको. जे मरेपर्यंत विसरणार नाहीस, तेच ठेव."

हे गुरुजींचे शब्द. हुकुमचंद गुरुजी म्हणजे माझे यजमान. त्यांना जाऊन दोन वर्षं होत आली. गोंदियाजवळच्या गोरेगावच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं गणित शिकवलं आणि शेवटच्या आजारपणात मला मोबाइल शिकवला. फोनमधले फोटो, कागद आपोआप वर एका ऑनलाइन पेटीत जाऊन बसतील अशी सोय त्यांनी केली. पेटीला पासवर्ड ठेवायची वेळ आली तेव्हा फोन माझ्या हातात दिला आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून बसले. नवऱ्यानंही पाहू नये, म्हणाले.

मी त्यांचं अक्षरशः ऐकलं. कुठं लिहिलं नाही, कुणाला सांगितलं नाही. म्हणूनच त्या शुक्रवारी जे झालं, ते माझ्या डोक्यात शिरेचना.

माझं रोजचं मौन असतं. पहाटे स्नान झालं की दुपारी बाराला देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत मी बोलत नाही, फोनला हात लावत नाही. सगळ्या मोहल्ल्याला ठाऊक आहे. माझ्या भावाला, रेवारामलाही ठाऊक आहे. तरी तो सव्वाअकराला मोटारसायकल घेऊन अंगणात आला. मागे त्याची मुलगी सोनिका होती.

"हे पाय, बाई," त्यानं फोन माझ्यासमोर धरला. "तिरोड्याहून दुर्गेशच्या मामानं धाडलं मले. त्याले कोण्या अनजान नंबरवरून आलं. आता तो नंबर बंद येऊन राहिला."

फोनवर नागपूरच्या डॉक्टरचा कागद होता. वर सोनिकाचं नाव, खाली गोळ्यांचं नाव, सकाळी एक, संध्याकाळी एक. त्याखाली कुणीतरी लिहिलं होतं: 'पोरीले मिरगी आहे. या गोळ्या कायच्या ते डॉक्टरले पुसा.'

मिरगी म्हणजे फिट येण्याचा आजार, आणि दुर्गेश म्हणजे सोनिकाचा होणारा नवरा. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होऊन दोन महिने झाले होते.

सोनिकानं बोट कागदाच्या कोपऱ्यावर ठेवलं. कागदाखाली निळ्या फुलांचं मेणकापड दिसत होतं. तेच मेणकापड आमच्या मधल्या खोलीतल्या टेबलावर आहे.

"हा फोटो तू काढला होता, आत्या," ती म्हणाली. "माझ्यापाशी याचा फोटोच नाही."

दिवाळीच्या आधी तिनं कागद माझ्याकडे आणला होता. घरात पाहुणे फार, कुणाच्या हाती लागेल म्हणून. मी फोटो काढला, कागद कपाटात ठेवला. त्या दिवशी तिनं माझ्याकडून दोन वचनं घेतली. एक, हे कुणाच्या नजरेस पडायचं नाही. दुसरं, संक्रांत झाली की ती दुर्गेशला स्वतः, समोरासमोर सांगणार होती. तेव्हा मी तिच्या बाजूला बसायचं, पण तिच्या वतीनं एक शब्द बोलायचा नाही.

"लगन मोडलं तं मोडो," सोनिका म्हणाली. "पण तू काऊन दाखवलं, तेवढं सांग मले."

मी हात जोडले, मान हलवली, देवघराकडे बोट दाखवलं. मौन सुटायला चाळीस मिनिटं होती.

सोनिका तेवढं थांबली नाही.

२

त्या दिवशीचा नैवेद्य मी कसा दाखवला, मला आठवत नाही. बारा वाजून पाच मिनिटांनी मी बसस्टँडजवळच्या ओमेशच्या मोबाइल दुकानात होते. रेवारामचा संशय त्याच्यावरच होता. जाताना म्हणाला होता, "तुझा फोन त्याच्याच हाती जाते. रविवारपर्यंत सांग, नाहीतं मी पाहातो त्याले."

ओमेशनं सगळं ऐकलं, स्टुलावरचे डबे उचलून मला बसायला जागा केली.

"काकू, मागच्या महिन्यात काच बसवाले तुमी फोन दिला होता. एक घंटा माझ्यापाशी होता. तुमच्या फोनवर पेटी उघडीच राहते, तिले पासवर्ड लागत नाही. मले पाहाचं असतं तं मी तवाच पायलं असतं. बरोबर का नाही?"

बरोबर होतं. मला वाईटही वाटलं आणि हायसंही.

"आता पाहू कोण शिरलं तं." त्यानं फोनवर दोन-तीनदा बोट फिरवलं. "हे पाहा. बुधवार, अकरा वाजून चाळीस मिनिटं. गोंदियातला कॉम्प्युटर. तुमाले सूचना आली होती ना, नवीन ठिकाणाहून उघडलं म्हणून?"

आली होती. मी तिला जाहिरात समजून पुसून टाकलं होतं.

"अकरा चाळीसला मी मौनात असते," मी म्हटलं. "फोन बाहेरच्या खोलीत असतो."

"म्हणजे वेळ पाहूनच केलं. तुमाले किती खेपा सांगतलं काकू, दुसरी चावी लावा. कोणी नवीन जागेवरून उघडलं का तुमच्या फोनवर नंबर येते, त्याच्याबिगर उघडत नाही. तुमी म्हणल्या, पूजेत टुणटुण नको."

मी खाली पाहिलं.

"आणि दुसरं, ही पेटी कुलपाची आहे, पण आतले कागद उघडेच. एन्क्रिप्ट केले असते तं कागद तुमच्या फोनवरच गिचमिड होऊन वर गेले असते. कोणी पेटी फोडली तरी हाती गिचमिडच." तो थांबला. फोन जवळ घेऊन पुन्हा वाचला. "हे मजेदार आहे. यानं आधी संकेत मागतला. मंग पहिल्याच खेपेत पासवर्ड बरोबर. अंदाज नाही लावला, काकू. त्याले माहीत होता."

"संकेत म्हणजे?"

"विसरलं तं आठवण द्यासाठी तुमीच लिहिलेला राहते. कोणी मागतला तरी दिसते." ओमेशनं फोन माझ्याकडे वळवला. "तुमीच लिहिलं आहे पाहा. 'देवाची वाटी.'"

३

मी खोटं बोलत नाही. हाही नेमच आहे. त्या दिवशी गुरुजी भिंतीकडे तोंड करून बसले होते आणि फोननं विचारलं, तुम्हाला आठवण कशानं येईल? मी खरं ते लिहिलं. ते दुसऱ्यालाही दिसेल हे मला कसं कळावं?

आता वाटीचं सांगते. माझ्या लग्नात आईनं सहा वाट्या दिल्या. गोंदियाच्या बाजारात त्यांच्यावर नाव टाकून घेतलं: 'दुलारी १७-५-९१'. दुलारी माझी आई. पण नाव टाकणाऱ्याचा हात एका वाटीवर चुकला. एक्याण्णवचे आकडे उलटे पडले, 'दुलारी १७-५-१९' झालं. मी हिरमुसले. आई म्हणाली, राहू दे, देवाले तारीख समजते. तेव्हापासून ती वाटी नैवेद्याची. बाकी पाच मोहल्ल्यात फिरतात, कधी लाखोरीची भाजी घेऊन जातात, कधी कुणाच्या घरून गूळ घेऊन येतात. रिकामी वाटी कुणी परत करत नाही आमच्याकडे. पण सहावी घराबाहेर जात नाही.

आणि माझा पासवर्ड त्याच वाटीवरचा होता. dulari17519. जे मी मरेपर्यंत विसरणार नव्हते.

म्हणजे कुठं लिहू नको म्हणणाऱ्या माणसाला मान हलवून मी जे ठेवलं, ते तीस वर्षांपूर्वीच स्टीलवर कोरून ठेवलेलं होतं. हे ध्यानात आलं तेव्हा मी देवघरासमोर तशीच बसून राहिले.

शनिवारी दुपारी लीलाधर भाऊजी आले. गुरुजींचे धाकटे भाऊ, मुर्रीला राहतात, रोज गोंदियात चक्कर असते. दुर्गेशचं स्थळ त्यांना आपल्या मेहुणीच्या मुलीसाठी हवं होतं, हे आमच्या सगळ्या पोवार समाजात माहीत होतं. मी चहा केला आणि बुंदी मुद्दाम त्या पाचांतल्या एका वाटीत दिली.

"ऐकलं मी सोनिकाचं," ते म्हणाले. "आता तुमी मले पोलिसावानी पाहू नका, वहिनी. मले स्थळ पाह्यजे होतं, पण असं नाही."

"मी काही म्हटलं का, भाऊजी?"

"तुमी म्हणतच नाही ना काही. तेच तं भेव लागते."

मी विचारलं, "देवाची वाटी म्हटलं की तुम्हाला काय आठवतं?"

"हेच, आणखी काय." त्यांनी हातातली वाटी उलटून पाहिली, चार बुंद्या मांडीवर सांडल्या. "दुलारीबाईच्या वाट्या. सहाही वाट्यांवर सतरा पाच एक्याण्णव. तुमच्या वरातीत ट्रकच्या मागं बसून धूळ मीच खाल्ली होती, तारीख कशी भुलन?"

ते सहाही म्हणाले. उलट्या आकड्यांचं त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यांनी पेटी उघडायला घेतली असती, तर पहिल्या खेपेला एक्याण्णव टाकलं असतं आणि चुकले असते.

मग एकोणीस कुणाला ठाऊक होतं? मला. देवाला. आणि माझ्या डोळ्याच्या ऑपरेशननंतरचे आठ दिवस माझ्या वतीनं जिनं नैवेद्य दाखवला, तिला.

४

दुर्पता शेजारीण. आमच्या दोन्ही अंगणांत एकच कुंपण. तिच्याकडे जायला माझे पाय निघेनात. ऑपरेशन झालं तेव्हा माझ्या एका डोळ्यावर पट्टी होती, दुसऱ्यात मोतीबिंदू शिल्लक. चुलीच्या धुरात जाऊ नका, वाकू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आठ दिवस त्या बाईनं माझी चूल आणि माझा देव दोन्ही सांभाळले. तिच्यावर संशय घेतला तर आतापर्यंतचे सगळे उपास वाया, असं वाटलं.

ती ओसरीवर वांगी चिरत होती. तिची मोठी मुलगी सुपात लाखोरीची डाळ निवडत होती. ही मुलगी लग्नानंतर दीड वर्षातच माहेरी परत आली, जावई वारला. धाकटी रीना नर्सिंगला आहे, रोज गोंदियाला जाते. ती अजून यायची होती.

मी रेवारामनं पाठवलेला तो निरोप दुर्पतासमोर धरला. "हे वाच जरा, दुर्पता."

तिनं फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. "चष्मा घरात राह्यला वो बाई. तुमीच सांगा ना."

मी सांगितलं. तिच्या हातातलं वांगं विळीवरच थांबलं. "कोणाचं काळीज झालं असं कराचं? पोरगी किती गुणाची."

ते ऐकून माझा गोंधळ आणखीच वाढला. हा आवाज खोटा नव्हता. मी घरी आले, खुर्चीत बसले, आणि मग मला जाणवलं: दुर्पताला चष्मा नाही. वीस वर्षांत मी तिच्या नाकावर चष्मा पाहिलेला नाही.

तिला वाचता येत नव्हतं. वीस वर्षं शेजारी राहून मला हे कळलं नव्हतं.

मग तिनं सहा सारख्या वाट्यांतून एकोणीसची वाटी ओळखली कशी?

मी डोळे मिटले. पट्टी बांधलेले ते दिवस कानांनीच जगले होते मी. पहिल्या दिवशी मी खाटेवरून तिला म्हटलं होतं, "ज्या वाटीवर एकोणीस आहे, तीच देवाची हो." मग वाट्या वाजल्या. एक नाही, सगळ्या, पदरात बांधल्यासारख्या. मग फाटक कुरकुरलं. मला वाटलं, फुलं आणायला गेली. थोड्या वेळानं फाटक पुन्हा कुरकुरलं आणि दुर्पता मोठ्या खुशीत म्हणाली, "हे घ्या, हीच ना तुमची एकोणीसवाली?"

वाट्या कुंपणापलीकडे जाऊन वाचून आल्या होत्या.

५

संध्याकाळच्या आधी, ऊन अंगणात असतानाच, मी परत गेले. रीना आली होती, हातपाय धूत होती. माझ्या हातात डॉक्टरचा मूळ कागद होता, कपाटातला.

"रीना, तू मला डोळ्यांत थेंब घालायला यायचीस. औषधाचं तुला कळतं. हे वाचून दाखव."

तिनं नाव वाचलं, गोळी वाचली, सकाळी एक, संध्याकाळी एक वाचलं.

"यात मिरगी कुठं लिहिलंय?"

तिनं कागद उलटला. मागे कोरा होता.

"नाही लिहिलं, काकू."

"हो ना. ही गोष्ट सोनिकाला, तिच्या आईबापाला आणि मला माहीत. डॉक्टरनं कागदावर लिहिली नाही. ओमेशला गोळीचं नाव वाचून काय कळणार? लीलाधर भाऊजींना काय कळणार? पण निरोप धाडणाऱ्याला कळलं. गोळीच्या नावावरून आजार ओळखणारं या मोहल्ल्यात कोण आहे, तूच सांग."

तिनं कागदाची घडी घातली आणि माझ्या हातात परत दिला.

"आणि एकोणीसची वाटी आईला तू वाचून दिलीस," मी म्हटलं.

दुर्पता विळीवरून उठली. "तिनंच दिली वाचून, मंग त्यात काय..." आणि मधेच गप्प झाली. वाटीचा आणि फोनचा संबंध तिला लागला नव्हता, पण मुलीचा चेहरा तिला वाचता येत होता.

"भाऊबीजेले सोनिका आली होती," रीना हळू म्हणाली. "तिची गोळ्यांची पत्ती तुमच्या खिडकीत राह्यली. मी ओळखली, पण पुरावा पाह्यजे होता. तुमी सगळे कागद फोनात ठेवता, हे तं सगळ्याइले माहीत आहे. कॉलेजच्या कॉम्प्युटरवर तुमचा नंबर टाकून पायला. संकेत आला, देवाची वाटी. मले हसूच आलं, काकू. इतकं सोपं कोणी ठेवते काय?"

"का केलंस?"

तिनं सुपाकडे पाहिलं, जिथं तिची बहीण बसली होती. "आमच्या जावयाचा आजार त्यांच्या घरच्यांनी लपवला. दीड वर्षात गेला माणूस. माझ्या बहिणीले कोणी सांगतलं होतं काय? तवा सगळे तोंड शिवून बसले. मी म्हणलं, दुर्गेशच्या घरच्याइचं तसं नको व्हाले."

मी पेटीचा चोर शोधत आले होते, आणि त्या अंगणात उभी राहून कुणाचं कुठं चुकलं हे मला नीट मांडता येईना. सोनिका लपवत नव्हती. ती सांगणारच होती. पण हे रीनाला कसं ठाऊक असणार? आणि ठाऊक नव्हतं, तर विचारायला काय झालं होतं?

सुपाचा आवाज बंद झाला. मोठी बहीण इतक्या वेळात पहिल्यांदा बोलली.

"माझं नाव नको घेऊ यात. मले पुसून केलं काय तू?" ती रीनाकडे पाहत नव्हती, लाखोरीतला खडा काढत होती. "मले त्याच्या तोंडून ऐकाचं होतं, रीना. दुसऱ्याच्या नाही. सोनिकाचं तोंड होतं ना तिच्यापाशी."

६

ओमेशनं त्याच दिवशी पेटी नव्यानं बांधून दिली. आता कागद माझ्याच फोनवर गिचमिड होतात आणि मगच वर जातात. माझ्या पासवर्डाशिवाय ते कुणाला उलगडत नाहीत, पेटीवाल्यांनाही नाही. दुसरी चावीही लागली. संकेताची जागा कोरी ठेवली.

"पासवर्डाले नाव नको, तारीख नको, देव नको," ओमेश म्हणाला. "गुरुजींचा शब्दकोश आहे ना घरी? फासे टाका, येईल त्या पानावर जा, शब्द घ्या. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही असे सहा शब्द. आणि विसरले तं कोणीच उघडू शकत नाही, मी पण नाही. कागदावर लिहून कपाटात कुलूप घालून ठेवा."

"गुरुजी म्हणाले होते, लिहू नको."

"गुरुजी वाटीवर लिहू नको म्हणत होते, काकू."

तो कागद कुलपात आहे. पण मला तो लागत नाही. सहा शब्दांची मी जपमाळेवर एकशेआठ आवर्तनं केली, ओठ न हलवता. देव रागावला नसावा.

मग रेवारामच्या घरी गेले आणि सोनिकाला सगळं सांगितलं, माझ्या चुकीपासून सुरुवात करून. रीनाचं नाव सांगितलं, तिच्या बहिणीचंही सांगितलं. रीना आईला घेऊन माफी मागायला येणार आहे, तू भेटायचं की नाही ते तूच ठरव, म्हटलं. रेवाराम उठून बाहेर गेला. ओमेशच्या दुकानाकडे मात्र गेला नाही.

सोनिकानं डॉक्टरचा कागद माझ्या हातातून घेऊन फाइलमध्ये ठेवला. मग म्हणाली, "तू खरंच 'देवाची वाटी' लिहिलं?"

"लिहिलं."

"आत्या, एक खेप खोटं बोलली असती तं चाललं असतं." तिच्या तोंडावर हसू आलं आणि लगेच गेलं. "दुर्गेशचा फोन आला होता. म्हणते, मामाच्या फोनवरचं मी वाचलं नाही असं समज, तू येऊन सांग. उद्या रविवारी सकाळी बोलावलं आहे. येशील?"

"दुसरं वचन बाकी आहे ना."

"ते लोक काहीही बोलले तरी तू बोलजो नको."

रविवारी पहाटे स्नान झालं आणि माझं मौन सुरू झालं. तिरोड्याची बस आठची. बाराला मी घरी नसणार होते. नैवेद्य दुसऱ्या कुणी दाखवला तरी देवाला चालतो, पण मी स्वतः परत येऊन हात जोडेपर्यंत माझं मौन सुटत नाही. आजवर हा नियम मला अवघड वाटायचा.

मी दूधभात केला, एकोणीसच्या वाटीत काढला, वर तुळशीचं पान ठेवलं आणि कुंपणाच्या फाटकाशी गेले. रीना अंगण झाडत होती. मी वाटी तिच्यापुढे धरली आणि आमच्या देवघराकडे बोट दाखवलं. तिनं झाडू खाली ठेवला, हात ओढणीला पुसले, तरी वाटी घ्यायला हात पुढे येईना. मी तशीच उभी राहिले. शेवटी तिनं दोन्ही हातांनी घेतली. आता त्या वाटीवर नुसतं माझ्या आईचं नाव होतं आणि एक चुकलेली तारीख.

बसस्टँडवर सोनिका एकटीच उभी होती, डॉक्टरचा कागद हातातल्या फाइलमध्ये. मी तिच्या बाजूला जाऊन उभी राहिले. बस लागली. तिनं दोन तिकिटं मागितली, आणि मी खिडकीची जागा तिला देऊन शेजारी बसले.